उचल

आमच्या पांदीत ऊस तोडायचा हार्वेस्टर पहिल्यांदा शिरला तेव्हा पुढं चालून वाट दाखवायला मीच होतो. पांद अरुंद. एका अंगाला चुलतभावाची बाभळ, दुसऱ्या अंगाला पाटाचा कट्टा. ते धूड बघून आई म्हणाली, "ह्ये आत गेलं तर भाईर कसं निघायचं?" निघालं की. सकाळी नऊला आत गेलं आणि दुपारची भाकरी व्हायच्या आत एकराचा फड साफ करून बाहेर आलं. बेचाळीस टन भरला ऊस. बाभळीची एक फांदी मोडली, त्यावरून चुलतभाऊ अजून बोलत नाही, पण ती भाऊबंदकी वेगळी.

मी बांधावर उभा राहून बघत होतो. पुढचे दोन मळसूत्री शंकू फिरत फिरत उसाला बाजूला सारून उभा करतात, खाली जमिनीलगत फिरणारी पाती त्याला बुडख्यातून कापतात, आतले रोलर ओढून घेतात, सुऱ्या वीतवीतभराचे तुकडे करतात, वरचा पंखा पाचट भरारा मागं उडवतो आणि तुकडे शेजारून चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धो धो पडतात. केबिनमध्ये एक पोरगा, कानात गाणी. त्याचं आणि जमिनीचं काही बोलणं नाही. बघण्यासारखं आहे, खोटं कशाला सांगू. गावातली निम्मी पोरं मोबाईल घेऊन शूटिंग करत होती.

संध्याकाळी आई नेहमीसारखी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणायला दोरी घेऊन निघाली. फडात गेली आणि तशीच रिकामी परत आली. वाढं कुठं होतं? सगळं पाचटाबरोबर चुरा होऊन सरीत पसरलेलं. ऐंशी वर्षांची बाई, उसाचं रान मोकळं झाल्यावर म्हशीला वाढं मिळत नाही हे तिनं जन्मात पहिल्यांदा बघितलं. म्हणाली, "मग ह्या ऊसतोडीत मिळालं काय?"

मी एकतीस वर्षं सहकारी साखर कारखान्याच्या शेती विभागात काढली. १९९१ साली चिटबॉय म्हणून लागलो. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: कुणाचा ऊस कधी तुटणार, तोडणाऱ्यांची कुठली टोळी कुठल्या फडात जाणार, गाडी भरली की तिच्याबरोबर चिठ्ठी देणार, तो चिटबॉय. पगार बेताचा, पण हंगामात गावात आमचा मान तलाठ्यापेक्षा जास्त. ऊस वाळत चाललेला शेतकरी रात्री अकराला दार वाजवायचा, हातात दुधाचा तांब्या. त्यामुळं ऊस मी कागदावर बघितला आणि फडातही बघितला, आणि ऊस तोडणारी माणसं जवळून बघितली.

दिवाळी झाली की यायची ती. बीड जिल्ह्यातली जास्त, धारूर, वडवणी, केज, शिरूर कासार, पाटोदा. काही पाथर्डी-शेवगावकडची, काही जालन्या-परभणीच्या तांड्यांवरची. ट्रकमध्ये भांडी, ज्वारीची पोती, कोंबड्या, शेळी, म्हातारी आणि मांडीवर पोर. ओढ्याकडच्या मोकळ्या रानात त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहायच्या. राज्यभरात या माणसांचा आकडा आठ-दहा लाख सांगतात. आमच्याकडं त्यांना कुणी माणशी मोजतच नव्हतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. "टोळी किती कोयत्यांची?" "दहा." म्हणजे वीस माणसं. एकटा गडी किंवा विधवा बाई आली तर तो अर्धा कोयता. मी स्वतः रजिस्टरात शेकडो वेळा 'अर्धा' लिहिलंय. तेव्हा काही वाटलं नाही.

धारूरकडची एक मावशी सलग बावीस हंगाम आमच्या गटात येत होती. मी तिला मावशी म्हणायचो, खरं तर ती माझ्याहून चार वर्षांनी लहान. ती मला दादा म्हणायची. तिचं तोडणं बघत राहावं असं होतं. डाव्या हातात ऊस, कमरेत वाक, कोयता अगदी मातीला टेकवून एकच घाव. खुंटी ठेवायची नाही, कारण साखर बुडख्यात जास्त, आणि खुंटी राहिली तर खोडव्याला, म्हणजे त्याच बुडख्यांवर येणाऱ्या पुढच्या पिकाला, फूट चांगली येत नाही. मग ऊस उलटा, दोन हातांनी पाचट सोलायचं, शेंड्याला दुसरा घाव, वाढं एकीकडं, ऊस एकीकडं. सगळं होईपर्यंत आपण धड श्वासही घेतलेला नसतो. पहाटे चारला सुरुवात. दहिवरानं भिजलेलं पाचट हातापायाला कापतं, ते कापलेलं दुपारी घामानं चरचरतं. मग मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि ट्रकला लावलेल्या हलत्या फळीवरून वर चढायचं. सातव्या महिन्यात चढलेली बघितलीय मी तिला. धाकटा मुलगा तिला आमच्याच गटात झाला, फडाच्या कडेला, आणि पाचव्या दिवशी ती परत कोयता घेऊन उभी होती.

म्हणून रोबोट आले, यंत्रं आली, माणसांची कामं गेली असं कुणी हळहळत बोलायला लागलं की मी जरा गप्प बसतो. हे काम माणसानं करावं असं मला कधीच वाटलं नाही. मावशीलाही वाटत नव्हतं. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला, सरकारनं समिती नेमली, तपासणी झाली, आणि एका जिल्ह्यात १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. पेपरात वाचून पुण्या-मुंबईला धक्का बसला. फडात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाळीच्या दिवसात काम चुकलं की खाडा, खाडा पडला की दंड. त्यापेक्षा पिशवीच नको, असा तो हिशेब. असलं काम यंत्रानं नेलं तर नेऊ दे.

मग काय गेलं? हे मला कळायला निवृत्त व्हावं लागलं, कारण नोकरीत असताना मी फक्त टन मोजत होतो.

गेली ती उचल. आखाड-श्रावणात टोळ्या जमवणारा मुकादम गावात येतो आणि पुढच्या हंगामाच्या तोडणीपोटी जोडीला आगाऊ पैसे देतो, पन्नास हजार, लाख, कधी त्याहून जास्त. कारखान्याकडून वाहतूकदार घेतो, वाहतूकदाराकडून मुकादम, मुकादमाकडून कोयता. धारूरच्या डोंगरात, जिथं दोन एकर खडकाळ रानावर बँक दारात उभं करत नाही, तिथं लेकीचं लग्न, सासऱ्याचं ऑपरेशन, घराचे पत्रे, बोअर, सगळं उचलीवर होतं. लोक ऊस तोडायला यायचे ते मजुरीसाठी नव्हेच. मजुरी तर त्यांनी श्रावणातच खाल्लेली असायची. ते फेडायला यायचे.

हिशेब करून बघा, मी आयुष्यभर तोच केला. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात साखर संकुलात बैठक झाली, शरद पवार आणि पंकजा मुंडे दोघंही होते, आणि तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले. वाढ मोठी, नाही म्हणत नाही. आता लाखाची उचल घेतलेली जोडी धरा. लाख भागिले ३६६, म्हणजे २७३ टन. चांगला हात असलेली जोडी दिवसाला दोन टन तोडते. म्हणजे एकशे छत्तीस-सदतीस दिवस एकही खाडा न पडता तोडलं तर नुसती उचल फिटते. मधला बाजार, मीठ-मिरची, पोराचा ताप धरलेलाच नाही. आणि आमच्या कारखान्याचा गेल्या वर्षीचा पट्टा शंभर दिवसांच्या आतच पडला, म्हणजे हंगाम संपला. ऊस कमी होता, हे एक कारण. दुसरं कारण फडाफडांत फिरत होतं. एक मशीन दिवसाला शंभर टन सहज पाडतं, रान सलग असेल तर जास्तच. म्हणजे पन्नास कोयते. मशिनबरोबर माणसं लागतात ती दोन ऑपरेटर, एक हेल्पर, तीन-चार ट्रॅक्टरवाले.

मशीन येतं तेव्हा ते काही कुणाला हाकलत नाही. कोयता फडात असतोच. फक्त हंगाम लवकर उरकतो आणि उचल फिटायची राहते. राहिलेली बाकी पुढच्या सालावर जाते, कुठंकुठं दामदुपटीनं. पुढच्या साली मुकादम म्हणतो, औंदा मशिनी वाढल्यात, उचल निम्मीच. कागदावर यातल्या कुणाचीही नोकरी गेलेली नसते, कारण कागदावर त्यांना नोकरी नव्हतीच.

मशिनीची बाजूही सांगतो, नाहीतर माझ्याच गावचे लोक मला जाब विचारतील. मशीन हौसेनं आलेलं नाही. मुकादमांनी उचली घेतल्या आणि टोळ्या आणल्याच नाहीत, असं किती वाहतूकदारांच्या बाबतीत झालं! ट्रॅक्टर विकले लोकांनी. एकाची बायको दागिने मोडून कारखान्याच्या पायरीवर बसली होती, मी पाणी दिलंय तिला. आणि शेतकऱ्याची दमछाक वेगळीच. टोळीला खुशालीचे वरचे पैसे दिल्याशिवाय तोडणी सुरू होत नाही, गाडी भरली की ड्रायव्हरला 'एंट्री'चे पैसे, वर कोंबडीचं जेवण. देणारा म्हणतो लुबाडतात, घेणारा म्हणतो उचल कापून हातात राहतं काय. मी मधे उभा. त्यात २०२१-२२ ला राज्यात ऊस एवढा झाला की गाळप जूनपर्यंत चाललं. खुद्द मराठवाड्यात, जिथून तोडणारे येतात त्या मुलखात, तोडायला माणूस नाही म्हणून ऊस उभा वाळला. आणि कोयत्याची पुढची पिढीही फडात यायला तयार नाही. का यावी? पोरं पुण्याला डिलिव्हरीची पिशवी पाठीला लावून फिरतील, चाकणला कंत्राटावर राहतील, पण फळीवर मोळी घेऊन चढणार नाहीत.

मग सरकारनं योजना काढली. २०२३ साली ९०० हार्वेस्टरांसाठी अनुदान, किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, जे कमी असेल ते. मशीन कोटीच्या घरातलं. मी ते परिपत्रक कारखान्याच्या ओळखीच्या पोराकडून मागवून चष्मा लावून वाचलं आणि मला हसू आलं. ही पण उचलच की. पस्तीस लाखांची, आणि फेडायची नाही. कोयत्यासाठी गोपीनाथ मुंडेंच्या नावाचं महामंडळ आहे, टनामागं दहा रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारनं द्यायचे असं ठरलंय, ओळखपत्रं झालीत, मुलांच्या वसतिगृहांचं काम आहे. चांगलंच आहे. पण श्रावणात दारात रोख लाख रुपये घेऊन येणारा दुसरा कुणी उभा केलेला नाही.

जगात हे आपल्या आधी होऊन गेलंय. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या मळ्यांवर सत्तरच्या दशकातच हातानं तोडणी जवळजवळ संपली. ब्राझीलमध्ये साओ पाउलो राज्यानं २००२ साली ऊस पेटवून तोडायची पद्धत टप्प्याटप्प्यानं बंद करायचा कायदा केला. न पेटवता हातानं तोडणं परवडेना, मशिनी आल्या, आणि दूरच्या कोरडवाहू ईशान्य भागातून हंगामाला येणारे हजारो तोडणारे घरी बसले. कोरडवाहू मुलूख, हंगामी स्थलांतर, मधे मुकादमासारखा माणूस; नकाशा बदलला तरी गोष्ट ओळखीची. फक्त तिथले मळे शेकडो एकरांचे. आमच्याकडं सलग दोन एकर म्हणजे बागायतदार.

आणि तिथंच मशिनीचं अडतं. तिला चार-पाच फुटांची सरी लागते, आमच्या बापजाद्यांची तीन फुटांची. वळायला मोकळं रान लागतं. पाऊस झाला की रुतते. तुकड्यांचा ऊस लगेच गाळावा लागतो, रखडला की साखरेचा उतारा घसरतो. पाचट म्हणून वजनातून काही टक्के वजा होतात, त्यावर शेतकरी संघटनांची भांडणं वेगळी. आणि लोळलेला ऊस! वाऱ्या-पावसानं ऊस एकदा आडवा पडला, एकमेकांत गुंतला, की मशीन त्याला धड उचलू शकत नाही, अर्धा चिरडतं, अर्धा मुळासकट उपटतं. तिथं अजून कोयताच लागतो. म्हणजे गंमत बघा, चांगला, सरळ, तोडायला सोपा ऊस मशिनीला, आणि गुंतलेला, सापाविंचवाचा, निम्म्या वेगानं तुटणारा ऊस माणसाला. दर मात्र टनावर, दोघांनाही. त्यातही मशिनीचा जास्त.

माझं काम कसं गेलं ते दोन ओळीत सांगतो, कारण त्याचं मला फार दुःख नाही. आधी कार्बन लावलेलं चिठ्ठीबुक होतं, मग हातात धरायचं छोटं यंत्र आलं, मग मोबाईलवर ॲप. ऊसनोंद जीपीएसवर, तोडणीचा क्रम कॉम्प्युटर लावणार, काट्यावर गाडीचा नंबर आपोआप. आमच्या गटात सात चिटबॉय होतो, मी निवृत्त झालो तेव्हा तीन. दुधाचे तांबे बंद झाले, ते एक बरं झालं. पण आम्हाला कुणी काढलं नाही. ज्याची मुदत संपली त्याची जागा भरली नाही, बस. आम्हाला पीएफ होता, ग्रॅच्युइटी होती, युनियन होती. बारामतीला आता उसाच्या शेतीत एआय वापरतात, उपग्रह सांगतो पाणी कधी द्यायचं. माझा मुलगा पुण्यात आयटीत आहे, तो हल्ली एआयच्या नावानं रात्री झोपत नाही. त्याला तीन महिन्यांची नोटीस, वर काहीबाही पॅकेज मिळेल म्हणतात. मी त्याला म्हटलं, तू निदान यादीत तरी आहेस बाबा.

गेल्या साली मावशी आलीच नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा. तिच्या कोपीच्या जागेवर मशीनवाल्यांचा डिझेलचा टँकर उभा होता. तिचा धाकटा, तोच फडाच्या कडेला जन्मलेला, मात्र आला होता. मशिनीशेजारून ट्रॉली घेऊन चालायचं काम त्याला मिळालंय, महिन्यावर पगार. मला भेटून गेला, पायाला हात लावला. अंगावर स्वच्छ शर्ट, हातावर एक ओरखडा नाही. मला बरं वाटलं. त्याला विचारलं, आई कशी आहे, तर म्हणाला, "घरीच हाय. करमत न्हाई म्हंती."

या नवरात्रात तिचाच फोन आला. आधी आईची चौकशी, मग म्हशीची. मग म्हणाली, "दादा, मला आमच्या गावची थंडीच ठावं न्हवती. लगीन झाल्यापासनं हिवाळ्यात गावात राह्यलेच न्हाई. संक्रांतीला बाया वाण घेऊन घरी आल्या, तर मला काय करायचं त्ये सुदरंना." हसली. हुरडाही आपल्याच रानातला खाल्ला म्हणाली, किती वर्षांनी.

मी विचारलं, उचल दिली का यंदा मुकादमानं?

"कुठली दादा. आलाच न्हाई त्यो. पोरीचं लगीन केलं वैशाखात, त्याला बचत गटाच्या कंपनीचं कर्ज काढलं. मुकादम वर्साला एकदा यायचा. ह्यो कंपनीचा पोरगा दर बुधवारी येतो, मोटरसायकलवर. हप्ता घेतल्याबिगर पाणीबी पीत न्हाई."

बुधवारचा हप्ता किती, ते तिनं सांगितलं. तो शेतावरच्या रोजंदारीत बसत नाही, हे मला हिशेब न करताही कळलं. थोडा वेळ दोघंही गप्प. मागं तिच्याकडं कुणीतरी पाणी शेंदत होतं, रहाटाचा आवाज येत होता.

मग म्हणाली, "दादा, एक इचारायचं हुतं. तुमच्याकडं लोळलेला ऊस किती हाय औंदा?"

सप्टेंबरात तीन दिवस वाऱ्याचा पाऊस झालेला. ओढ्याच्या खालच्या अंगाचा सगळा ऊस आडवा, माझाही पाऊण एकर त्यात. मी तसं सांगितलं.

"मग ईन मी," ती म्हणाली. "एकलीच. अर्धा कोयता लिवा."

मी तिला सांगितलं नाही की आता लिहिणारा मी नाही.